लोकर कमी पडली म्हणून?

१९६२च्या नोव्हेंबरात आईने हातातली एक पाटली संरक्षण निधीला दिली. शाळेत मधल्या सुट्टीत बाई जवानांसाठी मोजे विणत बसायच्या. मी तेव्हा तिसरीत होतो. आमच्या घरात चीनकडून झालेल्या त्या पराभवाचा अर्थ पुढे कित्येक वर्षं एवढाच राहिला: चीनने दगा दिला, आणि आपल्या पोरांच्या अंगावर लोकर नव्हती.

लोकर नव्हती हे खरंच. सुती गणवेश, कॅनव्हासचे बूट, हातात जुनी थ्री नॉट थ्री. पण काही वर्षांपूर्वी तवांगला जाताना सेला खिंडीत, साडेतेरा हजार फुटांवर, गाडीतून उतरलो. वीस पावलांत धाप लागून दगडावर बसलो आणि मनात आलं, आईच्या पाटलीने इथे नेमकं काय झालं असतं?

१९६१च्या नोव्हेंबरात दिल्लीने सैन्याला पुढे सरकून चौक्या बसवायला सांगितलं. चिनी कुरकुरतील, पण बळ वापरणार नाहीत, हे त्यामागचं गृहीत. एकदा ते धरलं की रसद कुठून येणार, पाठीशी तोफा किती, हे विचारणारा भित्रा ठरतो. लढाई व्हायचीच नाही, मग तयारी कशाला? १९६२च्या जूनमध्ये नामका चू नदीजवळ ढोला चौकी बसली. पुढे चिनी वर थागलाच्या धारेवर आणि आपली माणसं खाली नदीकाठी, असं चित्र झालं. रसद विमानातून टाकायची, त्यातली बरीचशी दरीत जायची. तिथल्या ७व्या ब्रिगेडचे प्रमुख जॉन दळवी (आडनावामुळे मला ते उगाचच घरचे वाटतात) धोका वरिष्ठांना सांगत राहिले. १२ ऑक्टोबरला पंतप्रधान पत्रकारांना म्हणाले, चिन्यांना हुसकावण्याचा हुकूम दिला आहे. २० तारखेच्या पहाटे हल्ला झाला आणि काही तासांत ब्रिगेड मोडली. दळवी कैदेत गेले. सुटून आल्यावर त्यांनी ‘हिमालयन ब्लंडर’ लिहिलं.

नामका चूला निदान जागाच वाईट होती. सेलाचं मला जास्त लागतं, कारण ही जागा उत्तम. तवांगकडून येणाऱ्याला आपल्या माऱ्याखाली चढ चढावा लागतो. आपण त्या चढाकडे तोंड करून बसलो. खाली नुरानांगला ४ गढवाल रायफल्सने १७ नोव्हेंबरला हल्ल्यामागून हल्ले परतवले. त्याच दिवशी चिनी पूर्वेकडच्या डोंगरांतून पाठीमागे थेम्बांगला उतरले, मागे बोमडिलाला जाणारा रस्ता तुटला, आणि त्या रात्री सेला जवळजवळ न लढता सोडला गेला. गढवालींनाही माघारीचा हुकूम आला. २१ तारखेला चीनने आपणहून युद्ध थांबवलं, तोवर थांबवण्यासारखं फारसं उरलं नव्हतं.

चिनी ज्या वाटेने आले ती काही गुप्त नव्हती. १९१३मध्ये बेली नावाचा इंग्रज अधिकारी तिच्यावरून चालत गेला होता. तिला नावच बेली ट्रेल आहे.

आमचा ड्रायव्हर तिथलाच, मोन्पा जमातीचा. ती वाट कुठे, असं मी विचारलं. त्याने चहाचा कप न ठेवता हनुवटीनेच पूर्वेकडच्या रांगा दाखवल्या. म्हणाला, आजोबा याक घेऊन तिथूनच जायचे.