लादीचा खोटेपणा

माणसाने खोटे बोलू नये, हे मला लहानपणापासून मान्य आहे. लादीने बोलावे की नाही, हा प्रश्न मात्र वयाच्या एकसष्टाव्या वर्षी उभा राहिला, आणि तो उभा केला आमच्या सौभाग्यवतींनी.

आमची इमारत दादरची, १९५८ सालची. स्वयंपाकघरात त्या काळच्या सिमेंटच्या लाद्या, तांबड्या-पिवळ्या वेलबुट्टीच्या. (मुंबईत लादी म्हणतात, पुण्यात फरशी. पुसणारीच्या कमरेला हा फरक कळत नाही.) आता त्या कळकटल्या आहेत, दोनचार तडकल्या आहेत आणि खिडकीखाली हातभर जागेत तर नक्षी पार झिजून खालचे करडे सिमेंट दिसते. "बदलून टाकू या," असे ही कित्येक वर्षे म्हणत होती आणि मी कित्येक वर्षे "बघू" म्हणत होतो.

शेवटी तिनेच बघितले. उखडायचे तर छिन्नी-हातोडा, मातीची पोती जिन्यावरून खाली, आणि खालच्या मजल्यावरच्यांच्या छताचा गिलावा त्यांच्या आमटीत. जुन्यावरच नव्या लाद्या चिकटवाव्यात तर दारे खालून तासायला हवीत. "मग रंगवू या," ती म्हणाली. "हल्ली इपॉक्सी रंग मिळतो लादीचा."

मी तात्काळ तत्त्वावर गेलो. खर्चात अडकलो की मी तत्त्वावर जातो. म्हटले, "हे ढोंग झालं. तोडायची तर तोडा, नाहीतर आहे तशी राहू द्या. वरून रंग फासून नवी असल्याचा आव आणणं ही लबाडी आहे."

ती काहीच बोलली नाही. माझ्या कपाळाच्या वर चार बोटे नजर लावून शांतपणे बघत राहिली. तिथे गेल्याच रविवारचा कलप होता.

रंगारी आला तो तिच्याच पक्षाचा. गुडघ्यावर बसून त्याने झिजलेल्या जागेवर नख फिरवले. "साहेब, ही नक्षी तरी खालपर्यंत कुठाय? हाही वरचाच थर." आणि ते खरेच होते. साच्यात पितळेची जाळी ठेवून तिच्या खणाखणांत रंगीत सिमेंट ओततात, जाळी काढून पाठीमागून साधे सिमेंट भरतात, दाबयंत्राखाली दाबतात आणि पाण्यात मुरवतात. भट्टी नाही की काही नाही. रंग असतो तो काही मिलिमीटर. पूर्वी असल्या लाद्या परदेशातून येत. मग स्वदेशीच्या वाऱ्यात १९२२ साली मुंबईत भारत टाइल्सवाल्यांनी इथेच त्या करायला घेतल्या. म्हणजे ज्या लादीच्या सत्याची मी बाजू घेतली होती ती मुळात वरून सजवलेले सिमेंट! शिवाय माझी आजी कोकणात दर आठवड्याला जमीन सारवायची, जुन्या थरावर नवा थर. तिला कुणी ढोंगी म्हटले नाही. न सारवणारीला मात्र बरेच काही म्हणत.

तत्त्वे संपली तेव्हा खरे कारण बाहेर पडले. त्या खिडकीखाली आई बसायची. पाट सरकवून, विळी घेऊन, उजेडाकडे तोंड करून. पन्नास वर्षे त्याच जागी तिने नारळ खवले, भाज्या चिरल्या, आणि लादी झिजली. तिला जाऊन आठ वर्षे झाली. हे सगळे मी जरा घोगऱ्या आवाजातच सांगितले.

"मला ठाऊक आहे," ही म्हणाली. "त्यांच्याच शेजारी बसून मी मटार सोललेत. पण एकतीस वर्षं ती जागा पुसतंय कोण? आठवण तुमची आणि फडकं माझं."

यावर मला उत्तर सुचले नाही. अजून सुचलेले नाही. त्या झिजलेल्या चौकोनाकडे मी शेकडो वेळा भरल्या डोळ्यांनी पाहिले असेन, पण भरल्या बादलीने एकदाही नाही. आणि ही लग्न होऊन आली तेव्हा तिला कुणी विचारलेही नव्हते, की बाई, तुला तांबडी वेल आवडते का?

"तेवढा कोपरा सोडायला सांगू का?" थोड्या वेळाने तिनेच विचारले.

"नको," मी म्हणालो. "तिथूनच पोपडे सुटतील, असं तो म्हणतोय."

मग जुने मेण खरवडणे, पॉलिशपेपरने घासणे, धुणे, वाळवणे. रंगाचे डबे दोन असतात, एक रंगाचा आणि दुसरा तो घट्ट करणाऱ्या द्रवाचा. एकत्र केले की काही तासांतच संपवावे लागतात, म्हणून रंगारी लागेल तेवढेच कालवत होता. चार दिवस आम्ही खानावळीत जेवलो. रंग तिने निवडला, फिकट राखाडी. पहिल्या दिवशी ती उंबऱ्यात उभी राहून नुसती बघत होती. चहा मीच केला, बाहेरच्या खोलीत, विजेच्या किटलीत.

याला आता दीड वर्ष झाले. परवा पाणी प्यायला आत गेलो तर ओट्यासमोर, गॅसच्या बरोबर खाली, रंग उडालेला दिसला. दोन पावलांची जागा. त्यातून तांबड्या वेलीचे टोक वर आले होते. आईची खिडकी तिथून चांगली सहा फूट लांब.

हिनेही ते पाहिले होते. पोळ्या लाटता लाटताच तिने विचारले, "अहो, त्या रंगाचे उरलेले डबे कुठे ठेवलेत तुम्ही?"

डबे माळ्यावर आहेत, वडिलांच्या ट्रंकेमागे. दोन्ही. मीच ठेवले आहेत.

"संपला तो रंग," मी म्हणालो.