आयते उत्तर आणि हाताचा अभ्यास

संगणकाची विद्या शिकणाऱ्या मुलामुलींचे आईबाप हल्ली एक प्रश्न पुष्कळदा विचारतात. "बुवा, प्रोग्रॅम लिहून देणारे यंत्रच आता निघाले आहे. मराठीत सांगावे आणि त्याने क्षणात लिहून द्यावे. मग आमच्या पोराने रात्र रात्र जागून तेच हाताने का गिरवावे?" प्रश्न वरवर पोटापाण्याचा दिसतो; परंतु नीट पाहिले तर तो कर्तव्याचा आहे. जे आपल्याला तपासता येत नाही, त्याची जबाबदारी आपण घ्यावी काय, असा तो प्रश्न आहे. म्हणून आधी पूर्वपक्ष ऐकू, मग उत्तर देऊ.

पूर्वपक्ष असा : विद्या हे साधन आहे, फळ मिळाल्याशी कारण. एसटीत बसणाऱ्यास इंजिन ठाऊक नसते, तरी तो पंढरपुरास पोहोचतोच ना? २०२२ च्या नोव्हेंबरात चॅटजीपीटी आले. तेव्हापासून अशी यंत्रे पायथनसारख्या भाषेत भराभर प्रोग्रॅम लिहून देतात, आणि ते पुष्कळदा चालतातही. तेव्हा हाताने शिकणे म्हणजे वेळेचा अपव्यय होय.

या म्हणण्यात बळ आहे, ते नाकारू नये. पण अहो, एसटीत प्रवासी असतो तसा चालकही असतो. प्रवाशाने इंजिन जाणले नाही तरी चालेल. ब्रेक नीट लागतो की नाही हे चालकाच्या पायाला कळलेच पाहिजे. सॉफ्टवेअर शिकणारा उद्या चालकाच्या जागी बसणार आहे.

दृष्टांत आपल्या दिंडीचाच घेऊ. दिंडीची यादी संगणकावर केली : नाव, गाव आणि वय असे तीन रकाने. समजा, चारच वारकरी आहेत. तिघांची वये ६०, ६५ आणि ७०. चौथ्या आजीबाईंनी वय सांगितले नाही, म्हणून ती जागा रिकामी. आता सरासरी वय काढा. तिघांची बेरीज १९५, सरासरी ६५. परंतु त्या रिकाम्या जागी कोणी शून्य भरले असेल, तर तीच बेरीज चारांनी भागली जाते आणि उत्तर येते ४८.७५. यंत्र ते निमूटपणे छापते. घंटा वाजत नाही, तक्रार नाही. आणखी ऐका. वय आकडा म्हणून न ठेवता नुसती अक्षरे म्हणून ठेवले, तर चढता क्रम लावताना १०० वर्षांचे आजोबा ६५ वर्षांच्या गृहस्थांच्या आधी येऊन बसतात. कारण तेथे पहिले अक्षर पाहिले जाते, आणि एक हा सहाच्या आधी.

ज्याने अशा लहान याद्या स्वतः बसून जुळवल्या आहेत, तो ४८.७५ पाहून थबकतो. साठीच्या आतला कोणी दिसत नाही, मग सरासरी पन्नासाच्या खाली कशी, असे त्याच्या मनात येते. आयते उत्तर घेणारा तेच उत्तर पुढे पाठवून मोकळा होतो.

यात कोणाचे काय बिघडते, असे म्हणाल तर विलायतेत घडलेले सांगतो. २०२० साली करोनाच्या साथीत इंग्लंडमधील सरकारी आरोग्य खाते प्रयोगशाळांचे अहवाल एक्सेलच्या जुन्या पद्धतीच्या फायलीत ओढून घेत असे. त्या फायलीत ६५,५३६ पेक्षा जास्त ओळी मावत नाहीत. वरच्या ओळी गळून पडल्या. २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर या आठवड्यातील १५,८४१ बाधितांची नोंद मोजणीतून सुटली. त्या लोकांना आपला निकाल कळला होता. पण त्यांच्या संपर्कात आलेल्यांना शोधून सावध करण्याचे काम मात्र रखडले. तक्त्यातली ओळ म्हणजे नुसती ओळ नव्हे, ते कोणाचे तरी घर असते. म्हणून हा प्रश्न कर्तव्याचा आहे, असे म्हटले.

व्याकरणाच्या पाठशाळेत हा भेद जुना आहे. पाणिनीची सुमारे चार हजार सूत्रे मुखोद्गत असलेला विद्यार्थीही 'राम' शब्दापासून 'रामः' सिद्ध करून दाखव म्हटले की गोंधळतो. सु प्रत्यय लावायचा, त्यातला उकार घालवायचा, उरलेल्या सकाराचा रु करायचा, त्याचाही उकार जाऊन राहिलेल्या रेफाचा विसर्ग करायचा. एक पायरी चुकली की रूप अडते. आणि कोठे अडले हे शोधता शोधता सूत्राचा अर्थ उलगडतो. प्रोग्रॅमची रीत हीच. श्रवणाने ओळख होते, मुरते ते करण्याने.

मग अभ्यास कसा करावा? दुसऱ्याचा प्रोग्रॅम उचलून चिकटवू नये. एकेक ओळ आपल्या बोटांनी लिहावी. चालवण्यापूर्वी काय उत्तर येईल ते वहीत मांडून ठेवावे. पायथन अडला तर चुकीचा निरोप देतो. त्याची शेवटची ओळ आधी वाचावी, चूक कोणत्या जातीची ते तेथे असते. ओळीचा क्रमांक त्याच्या वर सापडतो. दुसऱ्या दिवशी तेच काम न पाहता पुन्हा करावे. यादीची मोजणी शून्यापासून होते, हे ऐकून लगेच कळते. पण पहिला वारकरी दोनचारदा निसटल्यावाचून ते बोटांत उतरत नाही. मृदंगाचे बोल तोंडाने म्हणता आले म्हणून हात लगेच चालतो काय? तसेच हे.

यंत्राला शिवूच नये, असे माझे म्हणणे नाही. आधी आपण झटावे, मग त्यास विचारावे. आणि त्याने दिलेले चार माणसांच्या यादीवर, ज्याचे उत्तर हाताने काढता येते अशा ठिकाणी, ताडून पाहावे. ज्याचा हात तयार आहे, त्याला यंत्र चांगला मदतनीस होते. ज्याचा हात तयार नाही, त्याला ते कोठे नेईल याचा भरवसा नाही.

थोड्या महिन्यांत तज्ज्ञ करून देतो, अशा जाहिराती पाहून आईबापांचा जीव उतावीळ होतो. त्यांना एवढीच विनंती. पोराला "कोर्स संपला का?" असे रोज विचारू नका. "आज कोठे अडले, आणि कसे सोडवलेस?" असे विचारा. तो सांगू लागला, तर तुम्हाला त्यातले काही कळले नाही तरी पाच मिनिटे बसून ऐका.