कोयत्याचं गणित

दसरा-दिवाळी झाली की बीड जिल्ह्यातल्या धारूर, केज, पाटोदा, वडवणी, शिरूर कासार या भागांतल्या टोळ्या ऊसतोडीला निघतात, थेट सांगली-कोल्हापूर आणि कर्नाटकापर्यंत. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली असते, ती तोडणीतून फेडायची.

हा हिशोब आज मांडून पाहू. समजा, उचल एक लाखाची. कोयता दिवसाला साधारण दोन टन ऊस तोडतो. टनाला 360 रुपये धरले तर दिवसाचे 720. हंगाम 120 दिवस चालला तर 86,400. म्हणजे एकही खाडा न करता 13,600 रुपये अंगावर राहिलेच. त्यावर शेकडा तीन रुपयांनी व्याज लागलं तर? तीन ऐकायला थोडे वाटतात, पण ते महिन्याचे, वर्षाचे छत्तीस होतात. बाकी वर्षभर तशीच राहिली तर व्याजच 4,896 रुपये. जवळजवळ सात दिवसांची तोडणी, दोघांची, निव्वळ व्याजात गेली.

यात गुणाकार, वजाबाकी, शेकडेवारी आणि सरळव्याज यांपलीकडे काहीही नाही. सातवीपर्यंत हे सगळं शिकवून होतं. जानेवारी 2024 मध्ये तोडणीच्या दरात 34 टक्के वाढीचा करार झाला. शंभराचे एकशे चौतीस कसे होतात हे ज्याला येतं, त्यालाच हिशोबाच्या पट्टीवर जुना दर लावलेला दिसतो. काट्यावर भरलेल्या गाडीतून रिकामी गाडी वजा करून निव्वळ वजन ताडून पाहणंही त्यालाच जमतं. कष्ट करणाऱ्याला आपल्या कष्टाची किंमत स्वतः मोजता आली पाहिजे, याहून मोठा उपयोग मला गणिताचा सापडत नाही.

आणि ज्या घरांना या गणिताची सर्वांत जास्त गरज, तिथलीच मुलं ऐन शाळेच्या दिवसांत टोळीबरोबर फडावर जातात. संत भगवानबाबा शासकीय वसतिगृहं याच मुलांसाठी आहेत. जिथे जागा मिळेल तिथे त्यांना मागे ठेवायलाच हवं.

बीडमधल्या गुरुजींना आणि बाईंना एक विनंती. टोळ्या निघण्याआधी एक दिवस पुस्तकातलं उदाहरण बाजूला ठेवा आणि उचलीचा हिशोब फळ्यावर घ्या. मुलांना तो घरी आई-वडिलांसमोर पुन्हा करायला सांगा.