तुटलेला तारा

ऊसतोडीला गेलेले आजोबा तिकडंच वारले. निरोप यायच्या आदल्या रात्री आजीनं तारा तुटताना पाहिला होता. तेव्हापासून तारा तुटला की ती हात जोडायची.

ऑक्टोबरात आम्ही बाजरीच्या खळ्यावर राखणीला होतो. मी कॉलेजातला नवा शहाणा. म्हणालो, "आजे, ही उल्का. 1986 ला शेंडेनक्षत्र आलं होतं ना, हॅलेचा धूमकेतू? साधारण 76 वर्षांनी येतो. त्यानं वाटेत सांडलेली धूळ दर ऑक्टोबरात आपल्या हवेत शिरून जळते. कुणी मरत नाही."

आजी बराच वेळ गप्प. मग म्हणाली, "म्हंजी तवा तुझ्या आज्याचा निरोप नव्हता त्यो?"

खरं सांगावंच. पण ऐकणाऱ्याच्या हातून काय निसटतंय, तेही बघावं. मी त्या रात्री नुसता आभाळाकडं बघत होतो.