थकव्याची भाषा ऐकताना

रात्रभर चांगली झोप झालेली असते, तरी सकाळी चहाचा कप उचलताना हात जड वाटतो. आंघोळ करून आल्यावर पुन्हा आडवं व्हावंसं वाटतं. मल्टिपल स्क्लेरॉसिस असलेल्या अनेकांचा हा रोजचा अनुभव आहे.

या आजारात शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणाच चेतातंतूंवरचं मायलिनचं आवरण कुरतडते. संदेश रखडतात, साध्या हालचालीसाठीही मेंदूला जास्त राबावं लागतं. त्यात अंग तापलं की त्रास वाढतो. विल्हेल्म उथॉफ या जर्मन नेत्रतज्ज्ञाने १८९० मध्येच नोंदवलं होतं, की व्यायामानंतर या रुग्णांची नजर काही वेळ अंधूक होते. आपला मे महिना त्यांना किती जड जात असेल!

म्हणून ही माणसं स्वतःच्या शरीराकडे लक्ष द्यायला शिकतात. पाऊल घासायला लागलं, बोलताना शब्द अडखळला, की थांबायचं. अवघड कामं सकाळच्या गारव्यात उरकायची. पण हातापायाला मुंग्या आल्या की प्रत्येक वेळी जीव धास्तावूही शकतो. न घाबरता शरीराचं ऐकणं, याला मी मोठं धैर्य मानतो.

आणि त्यांना ऐकावं काय लागतं? "दिसतेस तर ठणठणीत!" २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने या आजाराला मान्यता दिली, घराघरांत ती अजून पोचायची आहे.

तेव्हा आज तुमच्या घरात, कचेरीत कुणी "जरा बसते" म्हणालं, तर कारण विचारू नका. खुर्ची पुढे करा, पंखा लावा.