भरदुपारची अनास्था

इजिप्तच्या वाळवंटातील केल्लिया या एकांत कुट्यांच्या वसाहतीत राहून इ.स. 399 मध्ये निवर्तलेल्या ख्रिस्ती संन्यासी इव्हाग्रिअसने ‘आकेडिया’ हा संन्याशाच्या अंतःकरणाचा सर्वांत जाचक शत्रू मानला. या ग्रीक शब्दाची फोड ‘काळजी नसणे’ अशी होते आणि मराठीतला ‘अनास्था’ हा शब्द त्याच्या अगदी जवळचा आहे. बायबलमधील स्तोत्रसंहितेतल्या 91व्या स्तोत्राच्या आधारे त्याने तिला मध्यान्हीचे भूत म्हटले. सकाळी दहाच्या सुमारास ती येते, सूर्य जागचा हलत नाहीसे वाटते, दिवस पन्नास तासांचा होतो, आणि जेवणाची वेळ, म्हणजे सूर्योदयापासून मोजलेला दिवसाचा नववा तास, किती दूर आहे हे पाहायला संन्यासी पुन्हा पुन्हा कुटीबाहेर येतो.

पाचव्या शतकाच्या पूर्वार्धात लिहिणाऱ्या जॉन कॅशियन या संन्याशाने तिची आणखी एक खोड टिपली: ती सत्कृत्याचा वेष घेऊन येते आणि दूरच्या आजारी बंधूला भेटायला जा, असे सुचवते. येथे खरा पेच उभा राहतो, आणि तो एखादा तरुण संन्यासी व त्याचा अब्बा, म्हणजे वडिलांच्या ठिकाणी असलेला गुरू, यांच्या संवादातून कल्पिता येतो.

“अब्बा,” हातातली खजुरीची अर्धवट टोपली खाली ठेवत शिष्य विचारतो, “अनास्था म्हणजे काळजी नसणे, मग आजाऱ्याची काळजी घ्यायला निघालेला माणूस अनास्थेच्या आहारी गेला, असे कसे म्हणावे?”

“तो बंधू पहाटेही आजारीच होता,” अब्बा म्हणतात. “तेव्हा स्तोत्रे गोड लागत होती, म्हणून त्याची आठवण झाली नाही. शब्द जड झाले आणि तो आठवला. ज्याच्याकडे जायचे आहे त्याच्यापेक्षा ज्याच्यापासून पळायचे आहे ते मनात मोठे असेल, तर ती काळजी त्या बंधूची नव्हे.”

“पण त्याची तहान तर खरी आहे. पाणी देणाऱ्याला त्याची आठवण कोणत्या घटकेला झाली, हे त्याचा कोरडा घसा विचारत नाही.”

शिष्याचे हे म्हणणे खोडून काढता येत नाही, आणि काढूही नये. बायबलमधील नीतिसूत्रांच्या चौथ्या अध्यायात सांगितलेले अंतःकरणाचे रक्षण म्हणजे दार लावून हेतू पारखत बसणे असते, तर ज्या ख्रिस्ताने आजाऱ्याची भेट ही स्वतःचीच भेट मानली, तोच दाराबाहेर राहिला असता. कॅशियनचा इशारा खरा आहे. पण तो स्वतःच्या मनाला लावायचा, दुसऱ्याच्या तहानेला नव्हे.

अब्बाही हे ओळखतात. बराच वेळ गप्प राहून ते पाण्याचे मडके शिष्यापुढे सरकवतात.

“आत्ता जा. पाणी पाजून झाले की वाटेत कोणाकडे न थांबता परत ये आणि ही टोपली पुरी कर. आणि उद्या पहाटे, स्तोत्र ऐन रंगात आले असताना, ते अर्धे सोडून पुन्हा त्याच्याकडे जा.”

“पहाटे? तेव्हा तर स्तोत्र सोडून उठवत नाही, अब्बा.”

“म्हणूनच.”