मुलांचे चित्त आणि हातातला टाळ

गावोगावच्या बालसंस्कार शिबिरांतून शिकविणाऱ्या मंडळींचे हल्ली एकच गाऱ्हाणे आमच्या कानी येते. पोरे मोबाईलवर वाढलेली, घटकाभर चित्त ठरत नाही. यांना शिकवावे तरी कसे?

सज्जनहो, हा प्रश्न नुसत्या युक्तीचा नाही, धर्माधर्माचा आहे. चित्त चंचल असते ही तक्रार साधक शेकडो वर्षे देवापुढे करीत आले आहेत. नवे इतकेच की, ते चंचल ठेवण्यावर आता कोणाची तरी कमाई चालते. एक चित्रफीत संपते न संपते तो दुसरी आपोआप सुरू. मुलाने उठूच नये अशी ती योजना. मग गुरुजींनीही तेच करावे काय? कित्येक ठिकाणी ते चाललेही आहे. सिनेमाच्या चाली, चुटके. पोरे हसतात, टाळ्या पिटतात आणि कोरडीच घरी जातात. याला आम्ही शिकविणे म्हणत नाही. चित्त ओढून घेणे निराळे आणि चित्ताला काम देणे निराळे.

येथे कोणी म्हणेल, मोबाईल हिसकावून घ्या म्हणजे झाले. पण २०२० च्या मार्चात शाळा बंद झाल्या तेव्हा तो मुलांच्या हाती वडीलधाऱ्यांनीच दिला. शाळाच त्यात भरत होती. त्याच आषाढीला पादुका एस.टी.ने पंढरीस गेल्या आणि आपण वारकऱ्यांनी तो सोहळा घरी बसून पडद्यावर पाहिला. त्या वस्तूला आज नुसते पाप म्हटले तर पोर ऐकणार नाही, आणि का ऐकावे?

शिवाय हेच पोर मोबाईलच्या खेळात तासन्‌तास गढते. दहा वेळा हरते, अकराव्यांदा पुन्हा बसते. मग चित्त नाही कसे म्हणावे? तेथे त्याला स्वतः काही करायचे असते, चुकले की तत्काळ कळते, आणि चुकला म्हणून डोक्यात टपली बसत नाही. आपल्या वर्गात मात्र गुरुजी दोन तास बोलतात आणि पोरे मांडी घालून बसतात.

आपली मूळ रीत अशी नव्हे. दिंडीत नव्या पोराला कोणी व्याख्यान देत नाही. टाळ हातात देतात, मागच्या रांगेत उभे करतात. ठेका चुकला तर शेजारचा डोळ्यांनी खुणावतो. पावली चुकली तर रांगच सावरून घेते. जोगमहाराजांनी १९१७ साली आळंदीस वारकरी शिक्षण संस्था काढली, तेथील विद्यार्थीही पाठांतर करतो, टाळ घेऊन कीर्तनात उभा राहतो.

या रीतीत मोबाईललाही जागा आहे. पखवाजाचे बोल यूट्यूबवर पाव गतीपर्यंत संथ करून ऐकता येतात. आपला हरिपाठ ध्वनिमुद्रित करून ऐकला की कोठे अक्षर गिळले ते पोराला स्वतःच कळते.

पण तेच पोर विचारील, सगळी ज्ञानेश्वरी खिशात असता पाठ कशाला करायची? रागावू नये, प्रश्न रास्त आहे. सुमारे ९,००० ओव्या खिशात असल्या तरी, घरात दुःख आले असता कोणती शोधावी हे खिसा सांगत नाही. आपण होऊन ओठांवर येते ती आधी आत मुरलेली असते. मात्र हे त्याला सांगून पटायचे नाही. एकच ओवी पाठ द्यावी. कीर्तनात प्रमाण म्हणून ती आली की बुवांनी स्वतः न म्हणता पोराकडे पाहावे. अडखळला तर टाळकऱ्यांनी उचलून धरावी.